चंद्रावरचा चेंडू

१

मामांच्या नावावर कोणीतरी खाकी कागद चिकटवला होता.

तोही धड नाही. चार कोपऱ्यांना चिकटपट्टी, मधे फुगवटा, आणि त्याखालून पितळी अक्षरांची टोकं बाहेर आलेली. स्टेडियमच्या पत्रकार कक्षाच्या दारावर ही पाटी नुकतीच बसवली होती. मामी तिच्यासमोर पर्स छातीशी धरून उभी होती. ती रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, आणि जाणारे-येणारे तिच्याकडे बघत होते.

माझे मामा खेळांवरची व्यंगचित्रं काढायचे. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात. सगळं शहर त्यांना बोरू म्हणायचं, कारण बाकीचे चित्रकार निबावर गेले तरी ते स्वतः तासलेल्या बोरूनंच रेघ ओढत राहिले. सुरुवात झाली मैदानाच्या कुंपणावर साबणाच्या जाहिराती रंगवण्यापासून. फळीवर उभं राहून रंगवता रंगवता यांचं लक्ष पाठीमागच्या सामन्याकडे, आणि मग अक्षरांच्या पोटात गोलरक्षक दिसायला लागायचे. साबणवाल्यानं हाकलून दिलं आणि एका क्रीडा संपादकानं उचललं. पुढे तिकिटं, टोप्या, फलकांवरचे आकडे, संघांची चिन्हं, काय म्हणाल ते त्यांनी केलं. मोठ्या पोटाचे पदाधिकारी ते मन लावून काढायचे. जखमी खेळाडू मात्र त्यांनी जन्मात काढला नाही.

मामा गेले. फुटबॉल संघटनेला पुळका आला, प्रदर्शन ठरलं, कक्षाला नाव द्यायचं ठरलं. उद्घाटनाआधी पत्रकारांना एकदा सगळं दाखवलं, आणि तिथंच घात झाला. 'चंद्रावरचा चेंडू' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र. एका फायनलमध्ये आपल्या संघाच्या कप्ताननं शेवटची पेनल्टी गोलच्या वरून आभाळात घालवली आणि चषक गेला. दुसऱ्या दिवशीच्या अंकात मामांचं चित्र: चंद्रावर अडकलेला चेंडू, शिडीच्या शेवटच्या पायरीवर चवडे उंचावून उभा कप्तान, आणि खाली शब्द, 'अजून थोडंसं.' लोक ते पाकिटात ठेवून फिरले होते. आता मूळ चित्र फ्रेममध्ये होतं, आणि त्याच्या समासात वर्तमानपत्राच्या ब्लॉक खात्याचा, म्हणजे छपाईचे ठसे करणाऱ्यांचा शिक्का होता. शिक्क्यावर तारीख होती. सामन्याच्या आदल्या दिवसाची.

एका वार्ताहरानं ती मोठ्यानं वाचली. मग संघटनेच्या सचिवांनी माईक हातात घेतला आणि मामीच्या देखत जाहीर केलं, की ज्याला निकाल आदल्या दिवशीच ठाऊक होता, त्याचा सट्टेवाल्यांशी काय संबंध होता हे कळेपर्यंत प्रदर्शन बंद आणि नावही स्थगित.

मी विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढते. लबाड माणसांचा मला सराव आहे. मामीला म्हटलं, "तू घरी चल. हा कागद ज्यांनी लावला तेच काढतील."

बोलून गेले खरी. पण शिक्का खोटा असणार, हे मी धरूनच चालले होते.

२

"मॅडम, लांबून बघा. तो पुरावा आहे," सचिव म्हणाले.

त्यांनी दालन उघडून दिलं, पण उपकार केल्यासारखं. या गृहस्थांना स्वतःचा आवाज फार आवडतो; रिकाम्या दालनातही ते सभेत बोलावं तसं बोलत होते.

मी चित्रासमोर उभी राहिले. अर्धं आयुष्य माझं शिक्के बघण्यात गेलंय. मागाहून मारलेला शिक्का कागदाच्या वर बसल्यासारखा दिसतो. हा जुन्या शाईचा होता, कडा पिवळट पडलेल्या, आणि त्याच्यावरून मामांच्या बोरूचा एक फटकारा गेलेला. शिक्का मारल्यानंतरही चित्रावर काम झालं होतं, एवढं त्यावरून कळत होतं. पण शिक्का खरा होता.

मग मी इतर फ्रेमा पाहिल्या. प्रत्येक चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट होती, आणि चौकटीची आतली कड तिरकी कापलेली, पांढरी रेघ दिसेल अशी. त्या चौकटींनी सगळ्या चित्रांचे समास झाकले होते. याच एका चित्राच्या चौकटीतली खिडकी रुंद होती, समास उघडा होता. आणि कड तिरकी नव्हती. सरळ होती.

"दालनाची किल्ली कुणाकुणाकडे होती?"

"माझ्याकडे. आणि मांडणी करणाऱ्याकडे, तुमच्या मामांचा शिष्यच तो. हां, कप्तान येऊन गेले एकदा. उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं ना. बराच वेळ एकटेच बसले होते इथं."

"आणि या कक्षाला आपलं नाव द्यावं म्हणून एक सिमेंटवाले तुमच्या मागे लागलेत म्हणे, त्यांच्याकडे नव्हती?"

सचिवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम, तोंड सांभाळून बोला. मी जे वाचलं ते बोललो."

"वाचलंत तसं विचारायचं होतं. बाजूला घेऊन. माईकवरून नाही."

ते दिवे मालवायला लागले. निघताना माझं लक्ष शेवटच्या भिंतीकडे गेलं. तिथं खिळे ठोकलेले होते, ओळीनं, मापात. फ्रेम एकही नव्हती.

"इथं काय लागणार होतं?"

"जागा उरली असेल," सचिव म्हणाले आणि कुलूप लावलं.

उरलेल्या जागेत कोणी खिळे ठोकत नाही.

३

घरी गेले तर शिष्य आधीच येऊन बसला होता.

त्याला वर्तमानपत्रातले लोक पट्टशिष्य म्हणायचे आणि तो ते मिरवायचा. मिशीही फुटली नव्हती तेव्हापासून मामांच्या टेबलाशेजारी बसलेला, या घरात जेवलेला, मामीनं उसवलेली बाही शिवून दिलेला. आता त्याचा स्वतःचा मोठा स्टुडिओ आहे. गळ्यातल्या फितीवर धावतं कासव होतं. संघटनेचं बोधचिन्ह असलेलं हे कासव तिकिटांपासून बसच्या पाठीपर्यंत सगळीकडे दिसतं. ते यानं काढलं म्हणून याला भलंमोठं बक्षीसही मिळालं होतं. मामीसाठी त्यानं फळं आणली होती. मामीनं ती पिशवीतून काढलीही नव्हती.

"काकू, मी सगळ्यांना सांगतोय, सर असं करूच शकत नाहीत," तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच लाल झाले होते.

"मी काय सांगते ते ऐका दोघं," मामी म्हणाली. "फायनल असली की ते आधीच चित्रं काढायचे. दोन. एक जिंकल्याचं, एक हरल्याचं. सामना संपेपर्यंत पान छपाईला सुटायची वेळ व्हायची, मग काढणार कधी? आदल्या दिवशी दोन्ही नेऊन द्यायचे, माप लावून, शिक्का मारून ठेवायचे. निकाल लागला की त्यातलं एक छापायला जायचं. यात लपवण्यासारखं काय आहे?"

मला हायसं वाटलं. हे एवढं सोपं होतं. मी शिष्याकडे वळले. "तू तर शेजारी बसायचास. सांग की सचिवांना."

तो खाली मान घालून फितीशी चाळा करत राहिला. "ताई, खोटं कसं बोलू? सर निकाल लागल्यावरच हात चालवायचे. त्यांचा वेग तुम्हाला माहीत आहे. दोन-दोन चित्रं मी तरी पाहिली नाहीत."

मामी त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठून आत गेली.

तो जाताना दारात म्हणाला, "काकूंचं वय झालंय. त्यांना दोष देऊ नका." आणि मला स्वतःची लाज वाटते, पण घटकाभर मलाही तसंच वाटलं. नवऱ्यासाठी बायको काहीही आठवू शकते, हे मी कामावर रोज बघते.

शिवाय एक प्रश्न उरतच होता. समजा दोन चित्रं काढली. हरल्याचं चित्र आधी काढून ठेवलं. पण कप्तान चेंडू आभाळात मारूनच हरणार, हे मामांना आदल्या दिवशी कोणी सांगितलं?

४

कप्तान आता एका शाळेच्या मैदानाची निगा राखतात. मी गेले तेव्हा ते फक्कीची गाडी ढकलत पांढऱ्या रेघा मारत होते. मी ओळख सांगितली तरी रेघ पूर्ण होईपर्यंत थांबले नाहीत.

मनातून मी त्यांनाच गुन्हेगार ठरवून आले होते. ज्या माणसावर सगळं शहर हसलं, त्याला सूड घ्यायला याहून चांगली संधी कुठली मिळणार?

"तुम्ही दालनात एकटे बसला होतात म्हणे."

"बसलो होतो. खूण बघत होतो."

"कसली?"

"त्या माणसाला वाईट वाटलं होतं का, याची काही खूण चित्रात सापडते का, ती." त्यांनी हात झटकले. "नाही सापडली. ताई, तुम्ही काय विचारायला आलात ते कळतंय मला. पण जरा डोकं चालवा. तुमच्या मामांना निकाल ठाऊक होता, म्हणजे तो ठरलेला होता. ठरलेला होता, तर तो चेंडू वर कोणी मारला? मीच ना? मग पैसे कोणी खाल्ले असतील? काल सचिव माईकवरून तुमच्या मामांना चोर म्हणाले नाहीत. दोघांना म्हणाले. माझी सून ऐकत होती घरी, टीव्हीवर."

या आरोपात दुसरा माणूस आहे हे मला सुचलंच नव्हतं. स्वतःच्या गळ्यात फास घालून कोण सूड घेतो?

"तुम्हाला राग येत असेल मामांचा," मी म्हटलं.

"येणारच. हरण्याबद्दल लोक विसरले असते. चित्र कसं विसरतील? आणि चित्र तरी धड काढायचं. माझ्या पायाखाली शिडी कशाला? चेंडू मारणाऱ्याच्या पायाखाली शिडी असते का? अन् तो चेंडू बघितलात? वरून चपटा आहे. जन्मभर चेंडू काढणाऱ्या माणसाला माझ्याच वेळी गोल काढता आला नाही."

मी फोनवरचं चित्र मोठं करून पाहिलं. लोक याला गमतीनं 'बोरूचा बसका चेंडू' म्हणायचे, मीही म्हणायचे. पण मामा हात न उचलता गोल काढायचे, आणि भांडं पालथं ठेवून काढला की काय असा तो गोल असायचा. हा चेंडू वरून कापल्यासारखा सपाट होता.

सामना हरल्यावर चेंडू परत आणायला कोणी शिडी लावत नाही. मग असं काय असतं, जे वरून सपाट असतं, हाताला लागता लागता राहतं, आणि ज्याच्यासाठी कप्ताननं चवडे उंचवावेत?

मी तिथून थेट फ्रेमवाल्याकडे गेले.

५

"ही खिडकी माझी नाही," फ्रेमवाला फोटो बघून म्हणाला. तो अतिशय चिडका माणूस होता. "माझा काप तिरका. सगळ्यांना एकच माप दिलं होतं मी. हे कोणी केलंय? हात बघा किती साफ चाललाय, पण साध्या पात्यानं, पट्टी लावून. आणि नाव माझं खराब."

"चित्र तुम्ही पुठ्ठ्याला चिकटवता?"

"वरच्या दोन कोपऱ्यांना पट्टी. बस. चित्र लोंबतं ठेवायचं. चिकटवणारा मी वेडा आहे का?"

एका फ्रेमची काच फुटली होती म्हणून ती दुकानात परत आलेली होती. तीही कुठल्याशा फायनलचीच होती, जिंकल्याचं चित्र. मी विचारलं, काढून बघू का? त्यानं कुरकुरत खिळे उपसले. मी तो पुठ्ठ्यासारखा जाड कागद हळूच उलटा केला.

मागच्या बाजूला दुसरं चित्र होतं. तोच संघ, तोच गोलरक्षक, पण हरलेला, जाळ्यात मासळीसारखा गुंडाळलेला. त्यावर फिक्या निळ्या पेन्सिलीची फुली होती. तो निळा रंग छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून चित्रकार खुणांसाठी तोच वापरायचे. समासात शिक्का होताच.

मी मामीला फोन लावला. "दोन चित्रं दोन कागदांवर असायची की एकाच?"

"आधी दोन कागद असायचे. मग एकदा ब्लॉकवाल्यांनी घोळ केला. आपण हरलो आणि पेपरात जिंकल्याचं चित्र. लोक पेपर जाळायला निघाले होते. तेव्हापासून एकाच कागदाच्या दोन बाजू करायला लागले. नको ती बाजू फुली मारून टाकायची." मग म्हणाली, "तू विचारलंच नाहीस."

म्हणजे मामीच्या आठवणीत काही खोट नव्हती. म्हणजे शेजारी बसणारा शिष्य खोटं बोलला होता. पण का? ज्याच्या हाताखाली शिकला, त्याला मातीत घालून त्याच्या पदरात काय पडणार होतं? कक्षाला त्याचं नाव कोणी देणार नव्हतं.

मग मला ते खिळे आठवले.

"शेवटच्या भिंतीच्या फ्रेमा कुठे आहेत?"

"त्या काय, पडल्यात," फ्रेमवाल्यानं कोपऱ्याकडे मान उडवली. "तुमच्या मामीनं स्वतः आणून दिली होती ती चित्रं. तयार झाली म्हणून मांडणीवाल्याला कळवलं, तर म्हणे एवढ्यात आणू नका. आणि लगेच प्रदर्शनच बंद पडलं. माझी जागा अडलीये."

त्यानं वरचा कागद बाजूला केला. पहिल्या फ्रेममधून कपाळाला पट्टी बांधलेलं, घाम गाळत पळणारं एक कासव माझ्याकडे बघत होतं. दुसऱ्यातही कासव. तिसऱ्यात त्याचे नुसते पाय, वेगवेगळ्या वळणांनी, रेघ बोरूची. सगळ्यांखाली मामांची सही.

६

सचिवांना मी सांगितलं, की चित्राचा पंचनामा सगळ्यांसमोर करा, नाहीतर मी वार्ताहरांना घेऊन येते. वार्ताहर म्हटल्यावर त्यांनी लगेच दालन उघडलं. मामी आली, कप्तान आले, शिष्य आला. फ्रेमवाल्याला मी त्याची हत्यारं घेऊन बोलावलं होतं.

त्यानं खिळे काढले, काच उचलली. चित्र पुठ्ठ्याला सबंध चिकटवलेलं होतं.

"हे मी केलेलं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. आपल्याला मागची बाजू बघायची आहे. मोठी सुरी घाला आणि उचकटा. फाटलं तर फाटलं."

"फाटणारच."

"फाटू दे."

त्यानं सुरी कोपऱ्यात सरकवली. कागद किंचित करकरला.

"सुरी नको," शिष्य पुढे झाला. "चोळून निघतं ते. कोपरा उचला आणि अंगठ्यानं…"

आणि पुढे केलेला हात त्यानं मागे घेतला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "चोळून निघतं. रबर सोल्युशन आहे ते. वर्तमानपत्रातले चित्रकार पान जुळवताना हेच वापरायचे, चुकलं तर कागद सुखरूप उचलता यावा म्हणून. फ्रेमवाले वापरत नाहीत. सचिवांनी चिकटवलं असतं तर दुकानातला डिंक फासला असता, आणि कप्तान स्वतःवर पैसे खाल्ल्याचा आळ आणायला इथं आले नव्हते. पण बाहेरून बघून तुला कसं कळलं, यामागे काय लावलंय? तूच लावलंस. खिडकी तूच कापलीस, पात्यानं, पट्टी लावून, शिक्का दिसेल एवढी. आणि मागची बाजू कोणी पाहू नये म्हणून चित्र चिकटवून टाकलंस. मामांचं चित्र नष्ट करणं तुझ्या हातून झालं नाही. सुरी घालायला सांगितलं ते मी त्याच भरवशावर."

"काहीतरीच काय, ताई," तो म्हणाला.

मी कोपरा उचलला आणि अंगठ्यानं चोळत गेले. मळासारख्या वळ्या होऊन ते सोल्युशन सुटत गेलं. कागद मोकळा झाल्यावर मी आधी पुढची बाजू खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि सचिवांना जवळ बोलावलं.

"चेंडूच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवा."

"खरखरीत लागतंय."

"पात्यानं खरवडलंय. दोन कान दिसतात? आणि खाली बूड? हा चेंडू नव्हताच. चषक होता. चंद्रावर चषक, आणि शिडी पुरत नाही, अजून थोडंसं. कसेही हरलो तरी चालेल असं हे चित्र आदल्या दिवशी काढून ठेवलं होतं. कप्तानांनी चेंडू वर मारला, पान अडून राहिलं होतं, मामांनी चषकाचे कान खरवडले आणि त्याचा चेंडू केला. म्हणून तो वरून सपाट आहे, आणि म्हणून त्यांच्या पायाखाली शिडी आहे. आदल्या दिवशी मामांना एवढंच ठाऊक होतं, की संघ एकतर जिंकेल नाहीतर हरेल. तेवढं तुम्हालाही ठाऊक होतं, सचिव."

"पण मी हे करीन कशाला?" शिष्य म्हणाला.

फ्रेमवाला बाहेर गेला आणि कासवं घेऊन आला. एकेक करून त्यानं ती मोकळ्या भिंतीवर लावली. खिळे बरोबर जागी होते. शेवटची फ्रेम लागेपर्यंत सचिव आपल्या खिशावरच्या कासवाच्या बिल्ल्याकडे बघत राहिले.

"प्रदर्शन उघडलं असतं तर सगळ्या शहरानं ही भिंत पाहिली असती," मी म्हटलं. "मामीला नको म्हणायची तुझी हिंमत नव्हती. म्हणून तू दालनच बंद पाडलंस."

"सरांनी दिलं होतं मला ते कासव," तो शेवटी म्हणाला. "स्टुडिओ चालत नव्हता. म्हणाले, घे, तुझ्या नावानं दे. काकू, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," मामी म्हणाली. "त्यांनी दिलं. मी नाही दिलं. ते असेपर्यंत गप्प बसले. पण तू येऊन म्हणाला असतास ना, काकू, ती भिंत नको, माझी अब्रू जाईल, तर मी सगळी कासवं घरी नेली असती. तू तोंड उघडून मागितलं नाहीस. त्यापेक्षा त्यांना चोर ठरवणं तुला सोपं वाटलं. माझ्यासमोर बसून. माझा चहा पीत."

गळ्यातली फीत काढून मुठीत घेऊन तो उभा राहिला, आणि मग निघून गेला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

७

सचिवांनी घसा साफ केला. "एकंदरीत गैरसमज झाला. आपण एक छोटं निवेदन काढू, आणि उद्यापासून…"

"काल माईक होता," मामी म्हणाली.

"हो, पण आता कशाला…"

"चोर म्हणायला माईक लागला. नाही म्हणायलाही तोच लागेल. तीच माणसं बोलवा, तिथंच उभे राहा, आणि तुमच्याच तोंडानं बोला. तोवर मी इथून हलत नाही." आणि ती खुर्ची ओढून दालनाच्या मधोमध बसली.

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी खुर्ची घेतली.

त्यांना बोलावं लागलं. वार्ताहर पुन्हा जमले, सचिव तिथंच उभे राहिले, आणि ज्या आवाजावर त्यांचं एवढं प्रेम होतं तो त्या दिवशी कसाबसा बाहेर पडत होता. पाटीवरचा कागद त्यांनी स्वतः काढला. चिकटपट्टी निघेना तेव्हा नखांनी ओरबाडून काढला.

फ्रेमवाल्यानं चित्राला दोन्हीकडून काच लावून दिली होती. ती फ्रेम टेबलावर होती, आणि कप्तान मागची बाजू बघत उभे होते. आजवर ती लोकांनी पाहिलीच नव्हती. जिंकल्याच्या त्या चित्रात मामांनी त्यांना खांद्यावर बसवून मिरवलं नव्हतं. सगळे नाचत निघून गेलेत, मैदान रिकामं आहे, आणि कप्तान बूट न काढता गवतावर गाढ झोपलेत, चषक उशाला घेऊन. चेहरा इतका निवांत, की बघणाऱ्यानं आवाज खाली करावा. वरून निळी फुली.

"ही बाजू पुढे लावू या का?" मी विचारलं. मामा त्यांच्याशी चुकीचं वागले होते, असं मला आता वाटत होतं. पान अडलं म्हणून काय झालं, पातं हातात घेण्याआधी क्षणभर थांबायला हवं होतं त्यांनी.

कप्तानांनी फुलीवरून काचेवर बोट फिरवलं. "असं झोपायचं होतं खरं," ते म्हणाले.

मग त्यांनी फ्रेम उचलली, उलटी केली आणि स्वतःच्या हातानं भिंतीवर टांगली. शिडी, चंद्र आणि बसका चेंडू पुढे.

"हीच राहू दे. हरलो होतो मी," ते मामीला म्हणाले. "विकला गेलो नव्हतो. खाली तेवढं लिहा, मोठ्या अक्षरात."